पिशवीतलं गढूळ पाणी

भिंगरीमावशी खुर्चीवर बसते, पण टेकत नाही. अर्धं बूड खुर्चीवर आणि अर्धं उठायच्या तयारीत. समोरचा माणूस बोलत असतो आणि हिची नजर त्याच्या कॉलरवर. बशीत सांडलेला चहाचा थेंब बोटानं पुसेल, ते बोट रुमालाला पुसेल आणि मग तो रुमाल धुवायला उठेल. परत येईपर्यंत बोलणाऱ्याचं अर्धं बोलणं वाया गेलेलं असतं. लहानपणी तिच्या आजोबांनी वैतागून भिंगरी म्हटलं, ते चिकटलं. कागदावरचं नाव कुणी घेतलं तर ती स्वतःच मागं वळून पाहते, कुणाला हाक मारली म्हणून.

नाक्यावर तिची आणि काकांची, म्हणजे तिच्या नवऱ्याची, लॉन्ड्री आहे. धुणं तिचं, इस्त्री काकांची. काका म्हणजे तिच्या बरोबर उलटा माणूस. इस्त्रीला घाई केली की कापड जळतं, हे एकच ज्ञान त्यांनी आयुष्यात मिळवलं आणि ते सगळ्यालाच लावलं. जेवायला, बोलायला, अंघोळीला, रस्ता ओलांडायलासुद्धा. मागून गाडी भोंगा वाजवतेय आणि काका आपले बाही सारखी करताहेत. मावशी म्हणायची, "ह्यांना यमानं नेलं तरी तो कंटाळून अर्ध्या वाटेत सोडून जाईल."

दुकानाच्या मागच्या खोलीत तिचं राज्य. सिमेंटचा हौद, गरम पाण्याची टाकी, वेगवेगळ्या ब्रशांच्या ओळी, आणि बाटल्या, ज्यांवर काही लिहिलेलं नाही कारण तिला वासावरून कळतं. डाग हा तिचा जन्माचा वैरी. शाई, गंज, रक्त, तेल, काहीही आणा. पण तिचा एक नियम होता. गिऱ्हाईकाला डाग कशाचा ते विचारायचं नाही. काढायचा आणि विसरायचा. एका बड्या घरच्या गृहस्थांच्या शर्टाच्या खांद्यावर भलत्याच रंगाची लाली यायची. मावशीनं ती वर्षानुवर्षं गुपचूप काढली, आणि त्यांची बायको दुकानात येऊन मावशीच्या धुण्याचं कौतुक करून जायची. मावशीकडं गेलेला कपडा चुगली करत नाही, असा तिचा लौकिक होता. त्याचा तिला गर्व होता.

काकांच्या दुखण्याची सुरुवात ह्याच गर्वाखाली दडपली गेली.

काकांच्या पायजम्यावर डाग पडायला लागले. कोऱ्या चहासारखे, गडद. मावशीनं बघितलं, तोंड वाकडं केलं, म्हातारपण आलं म्हणाली आणि ब्लीच टाकून खसाखसा घासले. पायजमा पांढराफेक. पुन्हा डाग, पुन्हा ब्लीच. काकांच्या अंगाला खाज सुटली. मावशी म्हणाली, साबण नीट निघत नसेल; तिनं साबण बदलला आणि त्यांचे कपडे एक पाणी जास्त खळाळायला लागली. तरी काका इस्त्री हातातून ठेवून दाराच्या चौकटीला पाठ घासायचेच. म्हशीसारखे. शेवटी एक गिऱ्हाईकच म्हणालं, "काका, डोळे बघितलेत का आरशात? पिवळेधम्मक झालेत."

मावशीनं त्यांना दाराशी उजेडात ओढलं, बोटानं खालची पापणी उलटी केली. आणि तिच्या हातातला ओला शर्ट तसाच राहिला. सगळे धुतलेले पायजमे तिला एकदम आठवले.

पुढच्या तपासण्या झाल्या त्या झाल्या. पोटात मागच्या बाजूला आडवं पडलेलं स्वादुपिंड असतं, त्याच्या डोक्याशी गाठ निघाली. पित्ताची नळी तिनं दाबून धरली होती, म्हणून ते पिवळेपण. काढता येण्यासारखी होती, हे नशीब. सर्जन उंचच उंच, बोटं लांबसडक, मावशी त्यांना माघारी लांबोडे डॉक्टर म्हणायची. त्यांनी कागदावर चित्र काढून सांगितलं. गाठीबरोबर आतड्याचा तुकडा जाणार, पित्ताची पिशवी जाणार. मग उरलेलं स्वादुपिंड, पित्ताची नळी आणि जठर पुन्हा आतड्याला जोडायचं.

मावशीनं विचारलं, "शिलाई पक्की असते ना? दुहेरी घाला."

डॉक्टर हसले नाहीत. "शिलाई पक्कीच घालतो. पण कापड लोण्यासारखं मऊ असतं. आणि त्या कापडातून जो रस निघतो तो अन्न पचवतो, मांससुद्धा पचवतो. तो जोडातून पाझरला तर त्रास. म्हणून ऑपरेशन संपलं की काम संपलं असं समजू नका. त्यानंतरचे दिवस निम्मे आमचे, निम्मे तुमचे."

काका इतका वेळ चित्राकडं बघत होते. ते म्हणाले, "घाई नाही ना काही?"

"आहे," डॉक्टर म्हणाले.

ऑपरेशन झालं. काका अतिदक्षतेतून वॉर्डात आले तेव्हा अंगावर नळ्यांचं जाळं. नाकात नळी, हाताला सलाईन, लघवीची वेगळी, आणि पोटाच्या कडेनं बाहेर आलेली एक, जिच्या टोकाला पारदर्शक पिशवी. खाटेच्या लोखंडी दांड्याला ती आकड्यानं लटकवलेली. वॉर्डातली मोठी सिस्टर, जिचे बूट दुरूनच करकर वाजायचे, तिनं मावशीला आणि लेकीला समोर उभं करून सगळं सांगितलं. हात धुतल्याशिवाय पेशंटला शिवायचं नाही. पोटाशी उशी घट्ट धरून खोकायला लावायचं, म्हणजे छातीत कफ साठून न्यूमोनिया होणार नाही. तीन गोळ्यांच्या त्या प्लास्टिकच्या खेळण्यातून श्वास ओढून गोळ्या वर उचलायला लावायच्या, म्हणजे फुप्फुसं फुलतात. पाय हलवत ठेवायचे, रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून. चालवायचं, दुखलं तरी. साखर आम्ही तपासत राहू. "आणि ही पिशवी आम्ही मोजून रिकामी करणार. तुम्ही ओतायची नाही."

मावशी बाकीच्या गोष्टींवर तुटून पडली. तिच्यासाठी जणू ही माणसं कामच शोधून बसली होती. सकाळ झाली की, "उठा." काका म्हणायचे, "जरा पडू दे गं." "पडायचं असतं तर दुकानातच पडला असतात, इथं कशाला आणलं?" मग सलाईनचा स्टँड ढकलत दोघांची वरात निघायची. स्टँडचं एक चाक अडायचं. काका चाकाला टेकू मिळाल्यासारखे थांबायचे, मावशी चाकाला लाथ घालायची. दाराच्या पलीकडं हात धुवायचं बेसिन, त्याच्यापुढं खिडकी, तिथून परत. काकांनी खिडकीशी थांबून बाहेर पाहिलं की ही म्हणायची, "बाहेर काही नाही, भिंत आहे. चला." त्या खेळण्यातल्या तीन गोळ्यांपैकी एकच वर जायची. मावशीनं काकांच्या तोंडातून ते काढून स्वतः ओढून दाखवलं, तिन्ही गोळ्या टपकन वर. सिस्टर ओरडली, "अहो, तोंड लावू नका त्याला!" नवीन आणावं लागलं.

तरी सिस्टर लेकीला म्हणाली, "तुझ्या आईसारखी बाई प्रत्येक खाटेला एक मिळाली तर अर्धे पेशंट लवकर घरी जातील." मावशीनं हे ऐकलं नाही असं दाखवलं आणि शेजारच्या खाटेवरच्या सुताराचा पेला विसळायला नेला.

एकच गोष्ट तिला सहन होईना, ती म्हणजे ती लटकणारी पिशवी. आधी लालसर, मग फिकट, मग गढूळ, आणि सगळ्या जगासमोर टांगलेली. येणारा जाणारा आधी पिशवी बघायचा, मग काकांचं तोंड. आयुष्यभर दुसऱ्यांची घाण लोकांच्या नजरेआड केली आणि आपल्या नवऱ्याची मात्र दांड्यावर.

एका दुपारी भेटायच्या वेळी दीर आणि जाऊ आले. जाऊ म्हणजे जन्मजात नाक मुरडणारी. खाटेजवळ आली, पिशवीकडं पाहिलं आणि हातरुमाल नाकाला लावला. "बाई बाई. हे असं दिवसभर उघडंच असतं का?"

मावशीच्या कानशिलांना आग लागली. "सिस्टर यायचीच होती," एवढंच म्हणाली. त्या दोघांना चहा प्यायला कॅन्टीनमध्ये पाठवलं, काकांचा डोळा लागलेला बघितला आणि पिशवीचं खालचं बूच उघडून थोडंथोडकं नव्हे, बरंचसं मगात घेतलं. बेसिनच्या पलीकडच्या संडासात ओतलं. तळाशी थोडं ठेवलं, सिस्टरला मोजायला. हात साबणानं दोनदा धुतले. जाऊ परत आली तेव्हा पिशवी अगदी गरीब दिसत होती.

संध्याकाळी करकर करत सिस्टर आली, पिशवी मोजली आणि म्हणाली, "अरे वा. कमी झालं की. छान."

काकांनी डोळे उघडले. ऑपरेशनपासून त्यांच्या तोंडावर असा उजेड मावशीनं पाहिला नव्हता. "म्हणजे सुधारतंय?"

"असंच कमी होत राहिलं तर नळी काढतील, मग घरी."

त्या रात्री काकांनी पहिल्यांदा न ओरडता खोकून दाखवलं. दुसऱ्या दिवशी खिडकीपर्यंत गेले आणि स्वतःहून म्हणाले, "अजून एक फेरी मारू." मावशीनं पुन्हा ओतलं. आता जाऊ नव्हती, कुणी पाहुणा नव्हता. सिस्टरनं छान म्हणावं आणि काकांच्या तोंडावर ते यावं, एवढ्यासाठी ओतलं. तिच्या डोक्यात ते औषधच झालं होतं. पायजम्यावरचा डाग काढल्यावर पायजमा बरा दिसतो, तसं. पुढं रोजच.

लांबोडे डॉक्टर आले, तक्ता पाहिला. ऑपरेशननंतर नळीतल्या पाण्याची पहिली तपासणी केली होती ती ठीक होती, आता प्रमाणही उतरलं होतं. "उद्या सकाळी राउंडला नळी काढू," म्हणाले.

काकांनी लगेच लेकीला हुकूम सोडला, "माझा निळा रेघांचा शर्ट आण. इस्त्री करून. नाही, इस्त्री करू नकोस, जाळशील. तसाच आण, मी घरी जाऊन करतो." भावाला फोन करायला लावला. सुताराला सांगितलं, "माझी खाट पंख्याखालची आहे, घ्या तुम्ही. वारा बरा येतो."

सुताराचं ऑपरेशनही त्याच जातीचं, चार दिवसांनंतर झालेलं. त्याची पिशवी अजून भरत होती, आणि काकांची सुटका ऐकून त्याला वाईट वाटलं असावं. सिस्टर त्याची पिशवी मोजायला वाकली तसा तो म्हणाला, "माझी पण काढा की उद्याच. लोंबकाळत ठेवून काय फायदा?"

"तुम्ही लाकूड डिंकानं जोडता, मग जोड दाबून धरायला शिकंजा लावता. तो लगेच काढता का?" सिस्टरनं विचारलं.

"छे. जोड उघडेल."

"मग. आत जोड धरला की नाही, ते पोट उघडून तर बघता येत नाही. हीच पिशवी बघायची. किती आलं, रंग कसला. जोडातून रस पाझरत असेल तर नळीवाटे तो बाहेर पडतो, ही चांगली गोष्ट. तो पाझरत असताना नळी काढली, तर जाणार कुठं? आतच साठणार. मग पू, ताप, शेजारच्या रक्तवाहिनीला खाल्लं तर रक्तस्राव. धावतपळत पुन्हा पोट उघडायचं. पिशवीतलं हे पाणी तुम्हाला घाण दिसतं, आमच्यासाठी ती आतून आलेली बातमी आहे."

सुतार मान हलवून म्हणाला, "लटकू दे मग. लटकू दे."

मावशी पलीकडं काकांच्या पायांना तेल लावत होती. तिचे हात थांबले. काका म्हणाले, "काय झालं? दुसरा पाय राहिलाय."

"लावते," म्हणाली, आणि लावलेल्याच पायाला पुन्हा लावायला लागली.

त्या संध्याकाळी मावशीनं वॉर्डात जे काही केलं त्याची चर्चा पुढं बरेच दिवस चालली. खाटेशेजारचं लोखंडी कपाट रिकामं करून पुसलं. सुताराचं कपाट पुसलं. बेसिनची जाळी काढून घासली. मग खिडकीचा पडदा काढून बेसिनमध्येच धुवायला घेतला. वॉर्डबॉय शोधत आला, "मावशी, पडदा कुठं गेला?" "मळला होता." "तो सरकारी आहे!" "म्हणून काय मळू द्यायचा?" त्यानं कपाळाला हात लावला. पडदा पिळताना तिच्या तोंडातून काहीतरी पुटपुटणं चाललं होतं. लेकीनं विचारलं, "आई, काय होतंय तुला?" "काही नाही. तू शर्ट आणलास का?" "आणला." "आणायला नको होता."

सांगावं तर काय सांगणार? ओतू नका म्हणून समोर उभं करून सांगितलेलं, आणि आपण रोज ओतलं. सिस्टर कौतुक करायची ते गेलंच. डॉक्टर काय म्हणतील ते म्हणोत. पण निळा शर्ट खाटेच्या पायथ्याशी घडी घालून ठेवला होता आणि काका झोपेत सुद्धा त्याच्यावर पाय टेकवून होते. आणि न सांगावं, तर जोड धरलाच असेल कशावरून? कदाचित धरलाही असेल. कदाचित ओतलेलं नुसतं पाणीच असेल. ह्या कदाचितभोवती ती गरगरत राहिली. पण धुणाऱ्या बाईला एक गोष्ट कळत होती. कपडा चार वेळा खळाळूनही पाणी गढूळच निघत असेल, तर आतून अजून काहीतरी सुटतंय. मगातलं पाणी ह्या तीन दिवसांत निवळलं नव्हतं, उलट राखाडी झालं होतं.

सकाळी तिनं पिशवीला हात लावला नाही. ती तशीच भरत राहिली, आणि मावशी तिच्याकडं पाठ करून उभी.

राउंड आला. डॉक्टर, सिस्टर, मागं दोन शिकाऊ. डॉक्टरांनी हातमोजे चढवले. सिस्टर पिशवीशी वाकली आणि थांबली. "सर, आज बरंच आहे. काल एवढंसं होतं."

डॉक्टरांनी पिशवी उचलून उजेडात धरली.

काका घाईनं म्हणाले, ज्या माणसानं जन्मात घाई केली नाही तो माणूस, "रात्री मी कुशीवर झोपलो होतो डॉक्टर. अडकून राहिलं असेल, सकाळी एकदम उतरलं."

"होऊ शकतं," डॉक्टर म्हणाले. तक्त्याकडं पाहिलं, तीन दिवसांचे उतरते आकडे. पुन्हा पिशवीकडं. "नळी कधी कधी वाकते खरी."

काकांनी मावशीकडं पाहिलं. तू पण काहीतरी बोल, असं ते पाहणं होतं.

मावशी म्हणाली, "कुशीबिशी काही नाही. मी ओतत होते."

कुणाला कळलं नाही.

"पिशवी. सिस्टर यायच्या आधी मी ओतून टाकत होते. ते आकडे खोटे आहेत. रोज एवढंच येतंय, आज मी हात लावला नाही म्हणून दिसतंय."

शिकाऊंपैकी एकजण फिसकन हसला आणि डॉक्टरांनी त्याच्याकडं पाहिल्यावर खोकला. डॉक्टरांनी विचारलं, "किती ओतायचात?"

मावशीनं कपाटातून मग काढला आणि नखानं कडेला रेघ दाखवली. "एवढं. कधी ह्याहून वर."

"रंग?"

"धुण्याच्या शेवटच्या पाण्यासारखा व्हायला हवा होता. झाला नाही. काल राखाडी होता."

डॉक्टरांनी हातमोजे काढून टाकले. "नळी राहू दे," सिस्टरला म्हणाले, "हे तपासायला पाठवा. आणि स्कॅन करून घेऊ." मग मावशीकडं वळले. तिला वाटलं, आता बसणार शिव्या. ते म्हणाले, "का ओतलंत?"

"जाऊ आली होती," मावशी म्हणाली, आणि हे इतकं खरं आणि इतकं खुळचट होतं की ती हातातला मग पदरानं पुसायला लागली.

"नळी काढल्यावर सांगितलं असतंत तर फार उशीर झाला असता," एवढं बोलून ते पुढच्या खाटेकडं गेले. सिस्टर मात्र गेली नाही. ती मावशीच्या कानाशी येऊन म्हणाली, "मी तुम्हाला सांगितलं होतं." मग पिशवीचं बूच तपासत, "मी पण नुसतं कमी झालं म्हणून खूश झाले. विचारायला हवं होतं."

काका भिंतीकडं तोंड करून पडले. निळा शर्ट त्यांनी पायानं खाली ढकलला. मावशीनं उचलला तेव्हा म्हणाले, "तू मला न्यायला आली होतीस की ठेवायला?" त्यानंतर बोलणं बंद.

पाण्यात स्वादुपिंडाचा रस निघाला, भरपूर. जोड एका कोपऱ्यातून पाझरत होता. संध्याकाळी ताप चढला, अंगात हुडहुडी. स्कॅनमध्ये जोडाशेजारी थोडं साठलेलं दिसलं, पण नळीचं टोक तिथंच होतं, आणि साठलेलं तिच्यातूनच बाहेरची वाट धरत होतं. डॉक्टर म्हणाले, पोट उघडायची गरज नाही, अँटिबायोटिक देऊ, जोडाला वेळ देऊ, तोंडानं कमी आणि नाकातल्या नळीनं जास्त पोषण देऊ. "आता रोज खरी बातमी हवी," एवढंच मावशीकडं पाहून म्हणाले.

काकांचा अबोला म्हणजे काही साधा नव्हता, त्यातही त्यांची संथ शिस्त होती. लेकीला सांगायचे, "तुझ्या आईला सांग, उशी दे." मावशी समोरच उशी घेऊन उभी. लेक म्हणायची, "आई, उशी दे." मावशी द्यायची. लेक कामावर गेली की सुताराला मध्यस्थ करायचे. "सुतार, त्यांना सांगा, मी चालायला तयार आहे." सुतार म्हणायचा, "वहिनी, हे चालायला तयार आहेत." "त्यांना म्हणावं, उठा मग." सुतारानं एकदा वैतागून डोक्यावर पांघरूण घेतलं तेव्हा दोघं तशीच, न बोलता, चाकाला लाथ घालत खिडकीपर्यंत जाऊन आली.

मावशीचे हात आता पिशवीकडं जायचे आणि ती ते मांडीखाली घेऊन बसायची. सिस्टर मोजायला आली की ही उभी राहून बघायची. सिस्टरनं आकडा बोलला की ओठांतल्या ओठांत म्हणायची. जाऊ पुन्हा आली. रुमाल नाकाशी गेला तसं मावशीनं तिचा हात धरून पिशवीसमोर नेलं. "नीट बघ. परवा चिखलासारखं होतं. आज बघ. फिकं वाटतंय ना? बोल ना, फिकं वाटतंय की नाही?" जावेनं रुमालाआडून मान हलवली आणि त्यानंतर ती आलीच नाही, त्याचंही कुणाला दुःख झालं नाही.

ताप उतरला, पुन्हा थोडा चढला, मग उतरला तो उतरलाच. आणि एका सकाळी सिस्टर यायच्या आधी काका खाटेवर कोपरानं उठून वाकले, पिशवी बोटानं वर उचलली आणि इस्त्रीसाठी आलेला शर्ट पारखावा तसे बघत राहिले.

"भिंगरे," ते म्हणाले. सुतारानं पांघरूण खाली केलं. "हे खळाळलेल्या कपड्याच्या शेवटच्या पाण्यासारखं दिसतंय का गं?"

मावशी वाकली. एका बाजूनं पाहिलं, दुसऱ्या बाजूनं पाहिलं. हो म्हणायला जीभ वळवळत होती.

"नाही," म्हणाली. "अजून दोन पाणी लागतील."

"लागू देत," काका म्हणाले. "घाई नाही."

नळी पोटात ठेवूनच त्यांना घरी सोडलं. निळ्या शर्टाखाली पिशवी, शर्ट एका बाजूनं फुगलेला. सोडताना सिस्टरनं पुन्हा सगळं सांगितलं. ताप, वाढतं पोटदुखणं, उलट्या, नळीतून लाल येणं, जखमेतून काही पाझरणं, ह्यातलं काहीही दिसलं तर सरळ इकडं यायचं, घरी वाट बघायची नाही. थोडंथोडं, पण वरचेवर खायचं. पाचक कॅप्सूल पहिल्या घासाबरोबर, जेवण झाल्यावर नाही. साखर तपासायची. इस्त्री उचलायची नाही, मोठी तर नाहीच. "आणि संडासात तेलकट, पाण्यावर तरंगणारं दिसलं तर तेही सांगायचं, कॅप्सूल वाढवावी लागते."

"म्हणजे तेही बघू?" मावशीनं विचारलं.

"बघा."

"ऐकलंत का," मावशी काकांना म्हणाली, "आता तिथंही माझी सुटका नाही."

इस्त्रीच्या टेबलाशी काका खुर्चीवर बसायचे आणि ठेवलेल्या पोऱ्यासारखी मावशी इस्त्री मारायची. तिला इस्त्री येत नाही. चुरगळलेलं जाळून सरळ करायची तिची रीत. काका बसल्या जागेवरून ओरडायचे, "हळू. हळू गं. शर्टानं काय घोडं मारलंय तुझं?" दोन कॉलर पिवळ्या केल्या तिनं. गिऱ्हाइकांना वाटलं, दुकान आता बुडतंय.

नळी निघाली ती बऱ्याच आठवड्यांनी, आधी कितीतरी दिवस पिशवीत जेमतेम चमचाभर येत राहिलं, मगच. लांबोड्या डॉक्टरांनी ओढली, काकांनी आई गं केलं, आणि सिस्टरनं भोकावर गॉझची घडी चिकटवली. डॉक्टर म्हणाले, एकदोन दिवस थोडं ओलं राहील, मग सुकेल. वाढलं, वास आला, ताप आला तर फोन.

त्या दिवसापासून संध्याकाळी दुकान भरलेलं असलं तरी मावशी ओले हात पुसते, स्वच्छ धुते, आणि काकांच्या समोर उभी राहते. काका निमूट शर्ट वर करतात. पहिल्या दिवशी घडीवर फिकट पिवळा ठिपका होता. मावशीनं तो कितीतरी वेळ पाहिला, वास घेतला, आणि गॉझ फेकली नाही. कागदात गुंडाळून दुसऱ्या दिवशी दवाखान्यात घेऊन गेली. सिस्टर म्हणाली, हे चालेल, हे असंच असतं. मावशीचं तेवढ्यानं समाधान झालं नाही. ती डॉक्टरांना भेटूनच आली.

परवा मी कपडे टाकायला दुकानात गेलो होतो. काउंटरपलीकडं एक गिऱ्हाईक सूट घेऊन उभं, घाईत. मावशीनं त्याला हातानं थांब म्हटलं. काकांनी शर्ट वर केला. तिनं कडेनं पट्टी सोडवली, गॉझची घडी काढली, दाराशी उजेडात नेली. उलटी केली. सुलटी केली. पांढऱ्या कपड्यावर तिचा इतका अविश्वास मी कधी पाहिला नव्हता.

गिऱ्हाईक म्हणालं, "मावशी, माझ्या सुटाचं काय?"

"थांबा हो," काका पोट उघडं ठेवूनच म्हणाले. "इथं काम चाललंय."

मावशीनं घडी बोटानं दाबून पाहिली, बोट बोटाला घासून पाहिलं.

"कोरडं," म्हणाली, आणि नवी घडी चिकटवून सुटाकडं वळली. खिशाखालच्या डागावर बोट ठेवून तिनं त्या माणसाला विचारलं, "हे कशाचं?"